नाच, भोंगा आणि शिधा: युद्धसंग्रहालयातल्या एका संध्याकाळचं प्रकरण

दक्षिण इंग्लंडमधल्या एका बंदराच्या गावात दुसऱ्या महायुद्धाचं छोटं संग्रहालय आहे. तिथल्या कार्यक्रम समितीवर मी स्वयंसेवक म्हणून काम केलं. निधी उभारण्यासाठी ठरवलेली एक जुन्या काळच्या पोशाखातली संध्याकाळ तिकिटं विकल्यावर अडचणीत आली आणि शेवटी पारही पडली. त्या दरम्यान समितीला जे निर्णय घ्यावे लागले ते अशाच कामात असलेल्यांना उपयोगी पडतील, म्हणून हे लिहून ठेवते आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावाचं आणि संग्रहालयाचं नाव दिलेलं नाही, काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

युद्धाच्या काळात या इमारतीच्या तळघरात हवाई हल्ल्यांचं नियंत्रण केंद्र होतं. कुठे बॉम्ब पडला, कुठल्या रस्त्यावर आग लागली, रुग्णवाहिका कुठे पाठवायची, हे सगळं तिथल्या टेलिफोनवर आणि भिंतीवरच्या नकाशावर चाले. वरच्या मजल्यावर एक दिवाणखान्यासारखं सभागृह आहे. संग्रहालय विश्वस्त मंडळ चालवतं, पगारी माणसं अगदी मोजकी, बाकी सगळा डोलारा स्वयंसेवकांवर. छपराची दुरुस्ती निघाली होती आणि अनुदानात ती बसत नव्हती.

म्हणून मे महिन्यात '१९४०च्या दशकातली संध्याकाळ' ठरली. सहा वादकांचा बँड, नाच, त्या काळच्या पद्धतीचं जेवण आणि पोशाख. ब्रिटनमध्ये असे कार्यक्रम उन्हाळाभर गावोगावी होतात आणि लोक हौसेने येतात. त्यात काही चूक आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. युद्धात लोक खरोखरच नाचत होते. ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर जवळजवळ सलग ५७ रात्री बॉम्ब पडले, त्या दिवसांतसुद्धा नाचघरं चालू होती. १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन आलं, पहिल्या वर्षाला माणशी ६६ कुपनं मिळाली. मोजे मिळेनात, तेव्हा मुली पोटरीवर पेन्सिलीने मोज्याच्या शिवणीसारखी रेघ ओढून नाचायला जात. हा आनंद इतिहासाचाच भाग आहे. संग्रहालयाने तो दाखवू नये असं म्हणणं म्हणजे अर्धाच इतिहास सांगणं.

जाहिरातीत एक सैनिक, एक नर्स आणि एक वैमानिक, तिघेही गोरे, हसत नाचताना दाखवले होते. खाली मजकूर होता: गणवेशात किंवा त्या काळच्या पोशाखात या, नऊ वाजता भोंगा वाजेल, तळघरात उतरायची तयारी ठेवा! दीडशेच्या आसपास तिकिटं होती, ती बघता बघता संपली.

अडचण कशी समोर आली

पहिली ठिणगी एका ईमेलने पडली. युद्धकाळातले गणवेश जमवून प्रसंग उभे करणाऱ्या एका हौशी गटातल्या माणसाने विचारलं होतं, की आम्ही तिघे जर्मन अधिकाऱ्यांच्या गणवेशात आलो तर चालेल ना? विचारणा सभ्य होती आणि आमच्या जाहिरातीत कुठला गणवेश नको, ते लिहिलेलंच नव्हतं.

मग हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा विषय निघाला. आमच्या स्वयंसेवकांत नव्वदीला टेकलेल्या एक बाई होत्या. युद्धात त्या लहान होत्या. त्यांनी बैठकीत शांतपणे सांगितलं, की भोंगा वाजणार असेल तर मी त्या रात्री येणार नाही. त्यांच्या शेजारी बसली होती युक्रेनहून आलेली एक तरुणी, शनिवारी तिकीटखिडकी सांभाळणारी. ती काहीच बोलली नाही. बैठक संपल्यावर तिने व्यवस्थापकांकडे त्या तारखेची सुट्टी मागितली.

तिसरी गोष्ट सुरक्षेची. फोटो काढायला एक कोपरा करायचा आणि पाहुण्यांना खरेखुरे गॅस मास्क घालायला द्यायचे, अशी एका उत्साही सदस्याची कल्पना होती. युद्ध सुरू होईपर्यंत ब्रिटनमध्ये सुमारे ३ कोटी ८० लाख मास्क वाटले गेले होते. ते आजही माळ्यांवर, जुन्या बाजारात सापडतात, म्हणून लोकांना ते खेळण्यासारखे वाटतात. पण त्यांतल्या बहुतेकांच्या गाळणीत अॅस्बेस्टॉस असतं. २०१४ मध्ये ब्रिटिश सरकारने शाळांना मुलांच्या तोंडावर ते चढवू नका, असं बजावलं होतं. ही कल्पना तिथल्या तिथे रद्द झाली, तिच्यावर चर्चा करण्यासारखं काही नव्हतंच.

चौथी गोष्ट फोनवरून आली आणि माझ्या मते प्रकरणाचा गाभा तीच. सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या सासष्टीच्या एक गोवेकर बाई. तिकीट त्यांनी आधीच घेतलं होतं. माझं नाव ऐकून त्या इंग्रजीतून कोकणीवर आल्या, मी मराठीत बोलत राहिले. त्यांचे वडील युद्धाची सगळी वर्षं ब्रिटिश जहाजांवर स्टुअर्ड, म्हणजे जेवणखाण आणि खोल्यांची व्यवस्था बघणारे नोकर, होते. दोन खेपांच्या मध्ये मुंबईत धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहायचे आणि पुन्हा बोट धरायचे. त्यांनी विचारलं, "तुमच्या चित्रात शिपाई आहे, नर्स आहे, विमानवाला आहे. आता तूच सांग बाय, मी कोण म्हणून यायचं?"

मी म्हटलं, "आंटी, मला दोन दिवस द्या."

पर्याय

समितीपुढे चार वाटा होत्या.

कार्यक्रम रद्द करून पैसे परत करायचे, ही पहिली. तिला फारसा पाठिंबा मिळाला नाही. छप्पर तसंच राहिलं असतं आणि दीडशे लोकांना आपण काहीतरी वाईट करत होतो असा निरोप गेला असता.

दुसरी वाट, जाहीर केलं तसंच करायचं. अध्यक्षांचा कल इकडे होता आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. लोकांनी एका गोष्टीचे पैसे दिले आहेत, ऐनवेळी दुसरीच हातात ठेवणं ही फसवणूक आहे, असं ते म्हणत.

तिसरी वाट, नाच बाजूला ठेवून व्याख्यान आणि श्रद्धांजली. यात संग्रहालयाला कोणी बोट लावलं नसतं. पण मग त्या मुलींनी ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघेचं काय? गांभीर्य दाखवायच्या नादात आपण त्या पिढीचा आनंद पुसून टाकला असता.

चौथी वाट, नाच ठेवायचा पण चौकट बदलायची. ती सर्वांना पटली, पण 'चौकट बदलायची' म्हणजे नेमकं काय यावर गाडं बराच वेळ अडलं.

इथे एक उपपर्याय पुढे आला, तो सांगायला हवा. एका सदस्याने सुचवलं, की हिंदी, म्हणजे भारतीय, लोकांचा प्रश्न आला आहे ना, मग एका हिंदी वीराचं मोठं पोस्टर लावू. त्यांनी नावही शोधून आणलं होतं: नायक यशवंत घाडगे. माझ्यासाठी ते नाव परकं नव्हतं. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे, मराठा पलटणीचे घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. इटलीतल्या मोंटोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. त्यांचं नाव इंग्लंडच्या भिंतीवर लागणार म्हटल्यावर मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. तरीही मी पोस्टरच्या विरोधात मत दिलं. आंटींचा प्रश्न शौर्याचा नव्हताच. त्यांचे वडील कुठल्याही खंदकात लढले नाहीत, त्यांनी भरसमुद्रात पाणबुड्यांच्या धाकात ताटं उचलली, अंथरुणं घातली. त्यांच्यासारख्या माणसाला जागा द्यायची सोडून आपण एका वीराला कोपऱ्यात उभं केलं असतं, आणि मग हिंदी माणसाला या संध्याकाळी यायचं तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवूनच यावं लागेल, असा त्याचा अर्थ झाला असता.

निर्णय आणि कृती

पोशाखाचा नियम आधी बदलला, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून होतं. तिकीट घेतलेल्या प्रत्येकाला नवं पत्र गेलं. 'गणवेशात या' हे वाक्य काढलं आणि लिहिलं, की आपल्या घरातल्या त्या काळच्या एखाद्या माणसाच्या पोशाखात या. बेकरीवाला, बसची कंडक्टर, शेतावर राबलेली मुलगी, खाणकामगार, जहाजावरचा स्टुअर्ड, कोणीही चालेल. नातलगाची खरी पदकं असतील तर ती प्रथेप्रमाणे उजव्या छातीवर लावा. शत्रुपक्षाच्या सैन्याचे गणवेश आणि चिन्हं नकोत. बदल मान्य नसेल तर पूर्ण पैसे परत मिळतील, हेही त्याच पत्रात स्पष्ट होतं. अध्यक्षांचा फसवणुकीचा आक्षेप त्यामुळे निकालात निघाला.

एक घाव दोन तुकडे केल्यासारखा हा नियम लगेचच एका माणसापाशी अडखळला. गावातल्या एका गृहस्थांचे आजोबा इटालियन युद्धकैदी होते. इथल्याच एका शेतावर त्यांना कामाला लावलं होतं, युद्ध संपल्यावर ते इथेच राहिले. आजोबांचा, रंगीत ठिगळ लावलेला कैद्याचा तपकिरी पोशाख शिवून घेऊन नातवाला यायचं होतं. नियम शब्दशः लावला तर ते बाहेर. समितीने त्यांना होकार दिला. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण नियमाचा हेतू सत्तेचा गणवेश मिरवू न देण्याचा होता आणि कैद्याच्या कपड्यांत मिरवण्यासारखं काही नसतं.

भोंग्याबाबत जास्त वेळ लागला. कोणी म्हणालं, वरखाली होणारा इशाऱ्याचा भोंगा नको, पण धोका टळल्याचा सलग एकसुरी भोंगा वाजवू, त्यात सुटकेची भावना आहे. कोणी म्हणालं, आधी सूचना देऊन वाजवू. त्या वृद्ध बाईंनाच विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, की दुसरा भोंगा वाजायचा तेव्हा आम्ही बाहेर येऊन कुणाचं घर गेलं ते बघायचो. त्यानंतर मतदानाची गरज उरली नाही. भोंगा पूर्ण वगळला.

त्या जागी काय करायचं, ते बँडच्या प्रमुखाने सुचवलं. वादकांच्या जगात माहीत असलेली एक गोष्ट त्याने सांगितली. ८ मार्च १९४१ च्या रात्री लंडनच्या 'कॅफे द पारी'मध्ये नाच रंगात आला होता. ही जागा जमिनीखाली असल्यामुळे शहरातली सर्वांत सुरक्षित म्हणून तिची जाहिरात होत असे. बॉम्ब हवेच्या झरोक्यातून थेट नाचाच्या जागी आले. किमान ३४ माणसं मेली. त्यांत बँडचा नायक केन 'स्नेकहिप्स' जॉन्सन होता, ब्रिटिश गियानात जन्मलेला, अवघ्या २६ वर्षांचा, आणि त्याच्या बँडमध्ये वेस्ट इंडीजचे वादक होते. मध्यंतराआधी वादन थांबवून ही हकिगत पाच मिनिटांत सांगायची, असं ठरलं. कृत्रिम थरार नाही, घडलेली गोष्ट, आणि ती नाचणाऱ्यांचीच.

जागेचे निर्णय रूक्ष पण महत्त्वाचे होते. तळघराला एकच अरुंद जिना, म्हणून नाच वरच्या सभागृहात. तळघर छोट्या गटांनी बघायचं, हातात पेला न घेता. पॅराशूटच्या रेशमाचा लग्नाचा पोशाख सभागृहातच काचेत होता. जुन्या कापडावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत, आणि बँडला दिवे हवे होते. तो पोशाख आदल्या दिवशी भांडारात हलवला. मद्यासाठी स्थानिक परिषदेला किमान १० कामकाजाचे दिवस आधी सूचना द्यावी लागते, ती आधीच दिली होती. पेयं अंगणातल्या तंबूत ठेवली.

आता शिधा. जेवण पुरवणाऱ्यांना केकची रास मांडायची होती. ती त्यांनी मांडली, पण शेजारी आम्ही एक टेबल लावलं: युद्धकाळात एका प्रौढ माणसाला रेशनवर मिळणारा आठवड्याचा शिधा, खऱ्या वजनात. प्रमाण वेळोवेळी बदलत गेलं, आम्ही नेहमी आढळणारं घेतलं. चहापत्ती सुमारे ५७ ग्रॅम, तेवढंच लोणी, तेवढंच चीज, साखर पाव किलोला थोडी कमी, बेकनच्या काही पट्ट्या, एक अंडं. सगळं मिळून जेवणाच्या एका ताटलीत मावलं.

याच टेबलाने आंटींचा प्रश्न सोडवला. त्या ताटलीतला चहा आसाम-सिलोनहून आणि साखर समुद्रापलीकडून येत होती, म्हणजे कुणीतरी ती जहाजातून आणत होतं. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो हिंदी खलाशी होते. डेकवर कोकणातले सारंग, तांडेल (खलाशांचे मुकादम), स्वयंपाकात भंडारी म्हणजे आचारी, वर जेवणघरात गोव्याचे स्टुअर्ड. गोऱ्या खलाशापेक्षा त्यांना पगार कितीतरी कमी. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच त्यांनी वाढीसाठी बंदराबंदरांत संप केले आणि त्यांतले कित्येक जण तुरुंगात गेले. युद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मेले. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या घरांत आजही पणजोबा 'बोटीवर' होते म्हणून सांगतात, ते हेच.

आंटींनी वडिलांचं सीडीसी, म्हणजे बोटीवरच्या नोकरीचं पुस्तक, आणून दाखवलं. मूळ पुस्तक त्यांच्याकडेच राहू दिलं आणि पानांच्या मोठ्या प्रती काढून ताटलीशेजारी ठेवल्या. कापडी पुठ्ठा, आत फोटो, मग ओळीने नोंदी: जहाज, कामावर चढल्याची तारीख, सुटल्याची तारीख आणि ठिकाण, वर्तणुकीचा शिक्का. जवळपास प्रत्येक ओळीत सुटण्याचं ठिकाण म्हणून एखादं बंदर आहे. एका ओळीत तिथे फक्त 'समुद्रात' असं लिहिलं आहे. म्हणजे जहाज बुडालं, तिथे नोकरी संपली. वर्तणुकीचा शिक्का त्या ओळीतही 'फार चांगली' असाच आहे.

संध्याकाळ आणि परिणाम

पैसे परत मागणारे थोडे निघाले. ज्यांनी जर्मन गणवेशाचं विचारलं होतं त्यांच्यातले दोघे आले नाहीत, तिसरा आपल्या आजीच्या आगविझवणीच्या पथकाचा डगला घालून आला आणि रात्रभर तिच्याबद्दल सांगत होता. गणवेश कमी होते, एप्रन, डोक्याला बांधलेले रुमाल आणि कामाचे बूट जास्त. जाहिरातीतल्या त्या चित्रापेक्षा हे गाव मला जास्त खरं वाटलं.

आंटी आल्या त्या आईसारखा फुलाफुलांचा फ्रॉक शिवून, वडिलांसाठी कोटाला स्टुअर्डचं पितळी बटण लावून. आणि त्या नाचल्या, फार सुरेख नाचल्या. ही पाहुण्यांच्या पार्टीत शिरलेली बाई नव्हे, हे बँडच्या लगेच लक्षात आलं. १९४०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात हेच संगीत गोव्याचे वादक वाजवत होते. चिक चॉकलेट या नावाने गाजलेला ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ त्यांच्यातलाच. आंटींच्या आईवडिलांनी हा नाच इंग्लंडमध्ये येऊन शिकलेला नव्हता.

'कॅफे द पारी'ची हकिगत सभागृहात नीट पोचली, पण तंबूतल्यांना काहीच ऐकू गेलं नाही. तिथे हसणं-बोलणं चालूच राहिलं आणि आतल्या काहींना ते खटकलं. नंतर अर्ध्या तासाने नाच पुन्हा सुरू करायला कोणी पुढे येईना, शेवटी बँडने संथ चाल धरली तेव्हा जोड्या उठल्या. गर्दी सर्वांत जास्त वेळ कुठे टिकली म्हणाल, तर शिध्याच्या टेबलापाशी. केक घ्यायला आलेली माणसं ताटली बघून तिथेच थांबत आणि मग सीडीसीची पानं वाचत.

त्या वृद्ध बाई आल्या आणि लवकर गेल्या. युक्रेनच्या तरुणीने सुट्टी मागे घेतली नाही. भोंगा काढला आहे हे तिला कोणी वेळेत कळवलंच नव्हतं.

शिल्लक चांगली उरली, छपराचा पहिला टप्पा त्यातून सुरू झाला.

पुन्हा करायचं झालं तर

पोशाखाचा नियम आणि भोंग्याचा निर्णय तिकिटं विक्रीला काढण्याआधी व्हायला हवेत. पैसे घेतल्यावर केलेला बदल कितीही योग्य असला तरी तो माघारीसारखा दिसतो आणि समितीला निम्मी ताकद त्याचं समर्थन करण्यात घालवावी लागते.

निर्णय झाल्यावर तो सर्वांत आधी ज्यांच्यामुळे झाला त्यांना कळवायचा. आमची पत्रं तिकीटधारकांना गेली, स्वयंसेवकांना नाही. दीडशे अनोळखी लोकांना माहीत होतं, आणि शनिवारी खिडकीवर बसणाऱ्या मुलीला नव्हतं.

गंभीर हकिगत सांगायची तर ती सुरुवातीला सांगावी असं माझं मत आहे. बँडप्रमुखाला ते पटत नाही. नाच तुटला पाहिजे, त्या रात्री तो तुटलाच होता, असं तो म्हणतो. दोन्ही बाजूंना वजन आहे. निदान तंबूत ध्वनिवर्धक तरी हवाच.

आणि सीडीसीच्या प्रती एका रात्रीपुरत्या नकोत. हे समितीने मान्य केलं आहे. शिध्याची ताटली आणि ती पानं आता तळमजल्यावरच्या कायमच्या मांडणीत आहेत, आंटींच्या लेखी परवानगीने. मजकुराच्या कोकणी आणि मराठी पाट्या मी लिहिते आहे.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. तळघरात शाळेच्या मुलांसाठी भोंग्याचं बटण कित्येक वर्षांपासून आहे. मुलं ते दाबतात, किंचाळतात, हसतात, आणि शिक्षकांना ते आवडतं. मोठ्यांच्या संध्याकाळी जो आवाज नको म्हटला तो आठ वर्षांच्या मुलांना का चालतो, असं एका विश्वस्ताने विचारलं. त्यावर, मुलांना तो आवाज एकदा तरी ऐकायला मिळालाच पाहिजे, असं म्हणणारेही आहेत. तूर्त बटणाला हेडफोन जोडले आहेत आणि वर पाटी आहे, की ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा मुद्दा पहिला आहे.